बारा मिलिमीटरचं भोक

ऑपरेशन संपत आलं की सगळ्यांचे पाय दाराकडे वळतात. भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघायला लागतात, मोठे सर हातमोजे काढून बाहेर फोन लावतात, आणि टेबलावरचा माणूस शेवटची पंधरा मिनिटं अशा लोकांच्या ताब्यात राहतो, ज्यांची पाठ मोडून आलेली असते आणि पोटात कावळे ओरडत असतात. मी थिएटरमध्ये सव्वीस वर्षं उभी आहे, त्यातली अकरा इन्चार्ज सिस्टर म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की पुढची निम्मी दुखणी त्या पंधरा मिनिटांत तयार होतात. मोठ्या सरांना हे पटत नाही, पण ते त्या पंधरा मिनिटांत तिथे नसतात.

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं, पोट फाडलंच नाही. चार भोकं पाडतात. तीन असतात पाच मिलिमीटरची, ती आपली आपण बुजतात. चौथं बारा मिलिमीटरचं, खाली उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या जरा आत. सुया, दोरे, जाळी, सगळं तिथून आत जातं. वरची कातडी शिवली की महिन्याभरात ते शोधूनही सापडत नाही. पण कातडीखाली चरबी असते आणि चरबीखाली पोट आवळून धरणारा एक पांढरा, चिवट पडदा. त्या पडद्यातलं भोक तसंच राहिलं तर काही महिन्यांनी आतडं तिथून डोकं बाहेर काढतं. हर्निया म्हणतात तो हाच. पडदा खोल असतो, नीट दिसत नाही, टाका घालायला दहा मिनिटं जातात, आणि ती दहा मिनिटं कोणाकडेच नसतात. म्हणून मी एक रीत ठेवलीय. पडद्याला टाका पडलेला माझ्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय कातडीचा दोरा मी देत नाही. मागा, ओरडा, मी बहिरी झाल्यासारखी दिव्याकडे बघत उभी राहते. माझ्यामागे मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘दोरेवाली’ हे त्यातल्या त्यात सोज्वळ.

तर मावशी. थिएटरच्या सफाईच्या मावशी, एकोणीस वर्षं माझ्याबरोबर. फरशी त्या पुसतात, हत्यारं त्या धुतात, ट्रे भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे जंतू मारणाऱ्या वाफेच्या भट्टीला, नेतात आणि तापून निघालेले परत आणतात. कुठल्या सरांना कुठली चप्पल लागते, कुठलं कात्रीचं पातं सैल झालंय, कुठल्या नवीन सिस्टरचं घरी भांडण झालंय, सगळं त्यांना ठाऊक. हू की चू न करणाऱ्या बाई. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. मी ही गोष्ट लोकांना कौतुकाने सांगायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी मी धुण्याच्या खोलीत गेले तर मावशी भिंतीला हात लावून वाकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. शौचाला बसलं की त्यांचा गुदाशय बाहेर यायचा. हाताने आत ढकलायचा, वर घडी घातलेलं फडकं लावायचं आणि कामाला लागायचं. अलीकडे नुसतं वजन उचललं तरी यायचा. आठ वर्षं हे चाललं होतं. भिंतीपलीकडे आम्ही दर आठवड्याला दुसऱ्यांचं हेच दुखणं दुरुस्त करत होतो, आणि त्याची रक्ताळलेली हत्यारं ही बाई धुवत होती.

मी चिडले. काळजी वाटली की मला आधी राग येतो, तो माझा जुना दोष आहे. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या की मोठ्या सरांच्या चपला मी जागेवर ठेवते, त्यांच्यासमोर अशी कशी झोपू. मी म्हटलं, सरांना झोपलेल्या माणसाचं तोंड आठवत नाही, तुम्ही निश्चिंत झोपा. त्यावर त्या हसल्या आणि मग रडल्या. मीही थोडी रडले, दार लावून.

ऑपरेशन ठरलं. गुदाशयाला पुढून एक जाळी टाके घालून लावायची, ती वर ओढून पाठीच्या कण्याच्या तळच्या हाडाला बांधायची, म्हणजे तो खाली घसरत नाही. सरांनी कागदावर आठ आठवडे विश्रांती लिहिली. मावशींची मुलगी शाळेत कारकून आहे, फटकळ आहे, मला आवडते. ती म्हणाली, आई आठ आठवडे घरी राहील, रजा आहे तिची. मीच मध्ये पडले. मी म्हटलं, आठ आठवडे घरात बसून बाई वेडी होईल. दोन आठवड्यांनी माझ्याकडे पाठव, मी हलकं काम देईन, माझ्या नजरेसमोर राहतील. मुलीने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पण मी इन्चार्ज सिस्टर, माझ्यापुढे ती काय बोलणार.

तेव्हा मला हे प्रेमच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या दोन आठवड्यांत मावशींशिवाय आमच्या नाकी नऊ आले. हत्यारांचा एक पूर्ण संच गायब झाला, दोनदा ट्रेला चुकीचं झाकण लागलं, आणि मला रोज घरी जायला उशीर झाला. माझे नवरोबा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेत. ते रोज संध्याकाळी विचारायचे, तुमच्या मावशी कधी येणार. मलाही तेच हवं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी स्वतः टेबलावर उभी राहिले. जाळीच्या बाबतीत मोठे सर पक्के सोवळे, तिथे त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पाकीट शेवटच्या मिनिटाला फोडायचं, त्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे, दार बंद, आत-बाहेर बंद. जाळीला जंतू लागले तर ती आत कुजत बसते, मग काढताना रडकुंडीला यावं लागतं. जाळी लावून झाल्यावर सरांनी पोटाच्या आतलं पातळ अस्तर ओढून तिच्यावर शिवलं, एवढीशीही उघडी ठेवली नाही. उघडी राहिली की आतडं तिला चिकटतं, आणि चिकटलं की महिन्या-दोन महिन्यांनी पोट फुगून माणूस परत दारात. सगळं झकास झालं. सर म्हणाले, छान, आणि गेले.

राहिल्या छोट्या मॅडम. सरांच्या हाताखाली चौथं वर्ष, सकाळपासूनची तिसरी केस, डोळ्यांखाली काळं. त्यांनी हात पुढे करून कातडीचा दोरा मागितला. म्हणाल्या, भोक तिरकं पाडलंय सिस्टर, आपोआप मिटेल. मी दिव्याकडे बघितलं. त्यांनी परत मागितला.

“या आपल्या मावशी आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी एक लांब श्वास घेतला, चरबी बाजूला धरायला आकडे मागितले आणि खाली वाकल्या. पडद्याच्या दोन्ही कडा पकडल्या, प्रत्येक बाजूने चांगला सेंटीमीटरभर घास घेऊन दोन टाके घातले, गाठी मारल्या, बोट घालून तपासलं. मी मान लांब करून एकूण एक गाठ बघितली. देवाशपथ सांगते, तसा टाका सरांनीही घातला नसता. मग मी कातडीचा दोरा दिला.

घरी सोडताना मी मावशींना आणि मुलीला सगळं तीनतीनदा वाचून दाखवलं. आठ आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. खोकला आला तर पोटावर उशी दाबून खोकायचं. कुंथायचं तर अजिबात नाही, नाहीतर जाळीचे टाके ताणतात. रोज पोट साफ होण्याची पावडर घ्यायची, लाज न धरता. आणि त्या सोळाव्या दिवशी कामावर आल्या त्या सकाळी धुण्याच्या खोलीच्या भिंतीवर मी माझ्या ढब्बू अक्षरात कागद चिकटवला: ‘मावशींना कोणीही वजन द्यायचं नाही. हुकमावरून, इन्चार्ज.’ पोरं हसली. पण माझा दरारा आहे, सगळ्यांनी पाळलं. एका वॉर्डबॉयने त्यांच्यासमोर पाण्याची बादली ठेवली तर मी त्याला असा सोलला की तो आठवडाभर माझ्या वाटेला आला नाही. मावशी स्टुलावर बसून गॉजच्या घड्या घालायच्या, पाकिटांवर तारखा टाकायच्या. मला त्यांना बघून बरं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि लुगडं जरा सैल केलं. म्हणाल्या, हे काय झालंय बघा. त्या उभ्या राहून खोकल्या आणि खाली उजवीकडे, त्या बुजलेल्या भोकापाशी, लिंबाएवढा फुगवटा वर आला. मी बोटाने दाबला तर गुडगुड करत आत गेला. बोट काढलं, परत आला.

मोठ्या सरांनी तपासलं, स्कॅन केला. आतली जाळी जागेवर होती, गुदाशय धड होता, एवढं नशीब. पण पडदा उसवला होता. परत ऑपरेशन लागणार, आणि या वेळी त्या जागी वेगळी छोटी जाळी. मावशींनी विचारलं, एक आत आहे, त्यात आणखी एक? सर हो म्हणाले. मग मावशींना बाहेर पाठवून सरांनी फाईल उघडली आणि एकच प्रश्न विचारला: शेवटी बंद कोणी केलं?

छोट्या मॅडमना पुढच्या महिन्यापासून स्वतःचं टेबल मिळणार होतं. स्वतःची यादी, स्वतःच्या जबाबदारीवर. चार वर्षं त्या त्याची वाट बघत होत्या. सर म्हणाले, हे उलगडेपर्यंत ते थांबेल. ज्याला बारा मिलिमीटरचं भोक बंद करता येत नाही त्याला टेबल कशाला. शुक्रवारच्या बैठकीत बघू. दर शुक्रवारी आमच्याकडे बिघडलेल्या केसेसची बैठक असते, कशामुळे बिघडलं ते ठरवून लिहून ठेवायचं.

संध्याकाळी छोट्या मॅडम जिन्यात भेटल्या. चेहरा उतरलेला. मला वाटलं माझ्यावर भडकतील. पण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “सिस्टर, मी टाका घातला होता ना?”

स्वतःच्या हाताने घातलेल्या टाक्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मी म्हटलं, दोन टाके, चार गाठी, मी बघितल्यात, शुक्रवारी मी बोलेन. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं असं काही दिसलं नाही.

मग माझं डोकं चालायला लागलं. टाका पक्का होता, तर उसवला कसा? कोणीतरी त्या बाईला वजन उचलायला लावलं, दुसरं काही असूच शकत नाही. घरी असेल, मला खात्री वाटली. मुलीचं लहान बाळ आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पाणी भरायचं असेल. शुक्रवारी नुसतं ‘टाका चांगला होता’ म्हणून भागणार नव्हतं, मला कारण हातात हवं होतं. बुधवारी ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन थडकले.

तीन मजले चढताना माझे गुडघे बोलायला लागले. दोन खोल्यांचं घर, लख्ख. दोरीवर बाळाचे कपडे, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कागदांचा गठ्ठा. मुलीने पाणी दिलं, पण समोर हाताची घडी घालून उभी राहिली. मावशी पलंगाच्या कडेला बसल्या. मी लगेच उलटतपासणी सुरू केली. बाळाला कडेवर कोण घेतं? पाणी कोण भरतं? सामान वर कोण आणतं? मुलगी ऐकत राहिली आणि मग म्हणाली की सिस्टर, आठ आठवडे आईने या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा उचललेला नाही. बाळ मी तिच्या मांडीवर ठेवायचे आणि मीच उचलायचे. आंघोळीचं पाणी माझा नवरा काढायचा. तिच्या डोळ्यांत मला खोटं दिसलं नाही.

“म्हणजे आपल्या इथेच कोणीतरी,” मी मावशींना म्हटलं. “नाव सांगा. त्याची गाठ माझ्याशी आहे.”

मावशी चादरीचा एक धागा ओढत बसल्या. जाऊ द्या म्हणाल्या. मी म्हटलं, जाऊ द्या कसं, एका मुलीची चार वर्षं टांगणीला लागलीत, आणि तुमच्या पोटात दुसरी जाळी जाणार आहे. मुलगीही म्हणाली, आई, सांग ना एकदाचं. मावशींनी धागा तोडला, बोटाला गुंडाळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्हीच, सिस्टर.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, मीच काय?

मग त्यांनी सांगितलं, एखाद्याला पत्ता सांगावा तितक्या शांतपणे. चौथा आठवडा होता. दोन तातडीच्या केसेस एकदम आल्या, दोन्ही टेबलं चालू, वॉर्डबॉय रक्त आणायला गेलेला. मी हात धुऊन, मोजे घालून, दोन्ही हात वर धरून दारात आले आणि म्हटलं, मावशी, मोठा ट्रे, लवकर. आणि वळून आत गेले. मोठा ट्रे अकरा किलोचा आहे, मीच वजन करून त्यावर चिकटपट्टी लावलीय. त्यांनी तो उचलला, ऑटोक्लेव्हच्या तीन पायऱ्या चढून ठेवला, तापलेला दुसरा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मी परत म्हटलं. मग ते रोजचंच झालं.

“भिंतीवर कागद होता ना,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

“होता की. तुमच्याच अक्षरातला.”

“मग ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

मावशींनी पहिल्यांदा वर बघितलं. “तुम्हाला?” त्या म्हणाल्या.

तो दिवस मला आठवत होता. दोन्ही टेबलं, रक्ताची धावपळ, माझी ठणकणारी टाच, सगळं आठवत होतं. ते वाक्य आठवत नव्हतं. ते मी दिवसातून पन्नास वेळा बोलते, त्यातलं एखादं वेगळं काढून कसं आठवणार? एकोणीस वर्षं मी ‘ट्रे’ म्हटलं की ट्रे येत होता. तो कसा येतो, कोणाच्या पोटाच्या जोरावर येतो, हे बघायला मी मागे वळले नव्हते. मुलीने मला बोलायला हवं होतं, मी ऐकून घेतलं असतं.

निघताना मावशी जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की शुक्रवारी हे काढू नका, मी खोकला झाला होता असं सांगते, कोणाला काही लागणार नाही. तीन मजले उतरायला मला चढताना लागला होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवारचा सगळा दिवस मी तो खोकला मनात घोळवत काढला. खोटं सांगत नाही, मोह झाला. टाका पक्का होता एवढं मी सांगणार, खोकला झाला होता असं त्या सांगणार. सर मान हलवणार. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तो भिंतीवरचा कागद आणि त्याखाली माझं नाव, हे बाहेर पडलं तर सगळ्या हॉस्पिटलला वर्षभर पुरेल एवढं हसू होतं त्यात. पण मोठे सर खोकल्यावर विश्वास ठेवणारे नाहीत. ते म्हणाले असते, नीट घातलेला टाका खोकल्याने जात नाही, आणि छोट्या मॅडम पुढची चार वर्षं प्रत्येक गाठ मारताना स्वतःवरच संशय घेत राहिल्या असत्या. मी थकले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता हे काम पुरे झालं.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. प्रोजेक्टरचा पडदा, लांब टेबल, खिडकीबाहेर कोणीतरी रंगाचे डबे आपटत होतं. सरांनी केस वाचली. मी हात वर केला आणि उभी राहून सांगितलं. टाके दोन, कडेपासून सेंटीमीटरभर आत, बोटाने तपासलेले, मी साक्षीला. आणि चौथ्या आठवड्यापासून रोज अकरा किलोचा ट्रे रुग्णाने उचलला, कारण मी उचलायला सांगितला.

मग सरांनी सुटकेचा श्वास सोडला; त्यांना गोष्टी मिटलेल्या आवडतात. म्हणाले, म्हणजे तांत्रिक चूक नाही, उत्तम, टेबल ठरल्याप्रमाणे. छोट्या मॅडमनी मान खाली घातली. त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. सरांनी छापलेला तक्ता पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘रुग्णाने वजन न उचलण्याची सूचना पाळली नाही.’

मी म्हटलं, सर, असं झालेलं नाही.

सर समजावणीच्या सुरात म्हणाले की सिस्टर, मनाला लावून घेऊ नका, रकाना तसाच आहे. सर्जन, साहित्य, आजार आणि रुग्ण, चारच कारणं छापलीत. त्यातलं एक निवडावं लागतं. तुमच्या नावाचा रकाना नाही. कोणीतरी हसलं. छोट्या मॅडमनी काही तरी बोलावं असं मला क्षणभर वाटलं. त्या बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही. नुकतीच सुटका झालेला माणूस पहिल्या मिनिटाला दुसऱ्यासाठी धावत नाही.

मी टेबलाला वळसा घालून गेले, सरांच्या हाताखालचा तक्ता घेतला, ती ओळ खोडली आणि कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘इन्चार्ज सिस्टरने वजन उचलायला सांगितलं. रुग्णाने ऐकलं.’ खाली सही केली, तारीख घातली. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, हे तुमच्या फायलीत जाईल, कळतंय ना. मी म्हटलं, जाऊ द्या.

तिथून मी थेट धुण्याच्या खोलीत गेले. मावशी स्टुलावर बसून पाकिटांवर तारखा टाकत होत्या. मी सगळं सांगितलं. टेबलाचं, तक्त्याचं, मी काय लिहिलं ते. मनातलं सांगते, मला वाटलं होतं त्या माझा हात धरतील. डोळे पुसतील. कशाला केलंत सिस्टर, असं म्हणतील.

मावशींनी पेनाला टोपण लावलं. “मॅडमचं काम झालं, चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबून, “तुमचं मन हलकं झालं. पोट माझंच फाटलंय.”

आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी घाईघाईने बोलायला लागले, गप्प राहणं मला जमत नाही. म्हटलं, या वेळी मी शेवटच्या गाठीपर्यंत तिथेच असेन, जाळी नीट बसली की नाही ते बघेन, सरांना टेबल सोडू देणार नाही. आणि नंतर या खोलीत नकोच, माझ्या ऑफिसात बसा, खुर्ची देते, फोन घ्यायचे फक्त, अगदी हलकं...

“नाही,” मावशी म्हणाल्या.

मी थांबले. एकोणीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि त्यांनाही तो जिभेवर नवाच असावा, कारण त्या स्वतः जरा दचकल्या. पण मागे घेतला नाही.

“मी आठ आठवडे घरी राहणार. सगळेच्या सगळे. इथे हलकं काम नसतं, सिस्टर. इथे तुम्ही असता.”

बाहेरून कोणीतरी मला हाक मारत होतं, दुसऱ्या टेबलाला दोरे कमी पडले होते. मी गेले नाही. ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज घेऊन आले, त्यावर आठ आठवडे लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवला. मावशींनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, मग सही केली.